मदत हवी आहे: 'एवढ्या लसी एकदम कशाला?' याला काय उत्तर द्यावं?

वहिनी बाळाचा गोवराचा डोस पुढे ढकलतेय. आधी ऑटिझमची भीती होती. लसीशी त्याचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या अभ्यासात काहीच संबंध सापडला नाही, हे तिला दाखवलं. ते पटलं. (निदान वाद तरी थांबला!)

आता नवीनच: "एवढ्याशा जिवावर एकदम इतक्या लसींचा मारा नको. एकेक करून, मोठा झाला की देऊ." बाळ रोज तोंडात जे जे घालतं, त्यातले जंतू लसींपेक्षा कितीतरी जास्त, असं मी म्हटलं, तर "ते नैसर्गिक असतं" म्हणाली. गोवरही नैसर्गिकच की! पण तसं बोललं की ती गप्प होते, ऐकत नाही.

बाळाला ॲलर्जी किंवा कुठला आजार नाही, आधीचे डोस वेळेवर झालेत. डॉक्टर द्या म्हणतात, पण त्यांना समजावायला वेळ नसतो. भाऊ तटस्थ. इंग्रजी लिंक, घाबरवणारे फोटो नकोत.

लसी लांबवल्याने नेमका काय धोका वाढतो, हे न दुखावता कसं सांगाल? अशा आईला नक्की कशाने पटलं?