सौभद्रातली पदं गाळावीत की ताना?

पिटातला प्रेक्षक
हल्ली 'सौभद्र' हे जुनं संगीत नाटक अडीच-तीन तासांत बसवतात. त्यासाठी पदं, म्हणजे नाटकातली गाणी, गाळतात आणि उरलेल्यांवर मनसोक्त ताना घेतात. मला हे साफ उलटं वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी नाटक लिहिलं, चालीही त्यांनीच बांधल्या, म्हणजे संगीतकारही तेच. त्यांचं पद म्हणजे पात्राचं बोलणं. कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत 'नच सुंदरी करू कोपा' म्हणत काढतो. त्यात समजूत ऐकू यायला हवी, गायकाची तयारी नव्हे.

या माणसाला संगीत नाटकासाठी वर्षं मिळाली जेमतेम पाच. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले, १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं, 'रामराज्यवियोग' अपुरंच राहिलं आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये ते गेले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. एवढ्यात जे उभं केलं त्याला कात्री लावताना हात थरथरायला हवा.

षड्ज_पंचम
अजिबात पटलं नाही. 'सौभद्र' आजवर टिकलं ते गाणाऱ्यांमुळे. खुद्द अण्णासाहेबांनी गायक नट भाऊराव कोल्हटकरांना बडोद्याहून आणलं ते कशासाठी? गळ्यासाठीच ना! पुढे बालगंधर्वांनी तीच पदं घरोघरी पोचवली. लोक तिकीट काढायचे ते 'वन्स मोअर' घ्यायला. ताना काढून टाकल्या तर थिएटरात कोण येणार?

आणि 'संगीतकार' ही पदवी जरा जपून द्या. साकी, दिंडी, कामदा हे गायचे पद्यप्रकार तर कीर्तनात आधीपासून होते. लावणीच्या आणि कर्नाटकी चाली तयारच होत्या. पारशी नाटक मंडळींचं 'इंद्रसभा' पाहून संगीत नाटकाची कल्पना सुचली असंही सांगतात. अण्णासाहेब मोठे नाटककार, यात वाद नाही. चालींचं श्रेय मात्र परंपरेचं.

पिटातला प्रेक्षक
चाल तयार होती हे मान्य. पण ती कुणाच्या तोंडी, कोणत्या क्षणी द्यायची हे कुणी ठरवलं? त्यांच्याआधी विष्णुदास भाव्यांच्या नाटकांच्या खेळांत पात्रांची पदं सूत्रधार गायचा. अण्णासाहेबांनी ती पात्रांच्या तोंडी दिली. 'वद जाऊ कुणाला शरण' सुभद्रा स्वतः विचारते, तिच्या वतीने दुसरं कुणी नाही. अण्णासाहेबांची सगळी कारकीर्द मला या एका निर्णयात दिसते. संगीतकाराचं काम याहून वेगळं काय असतं?

नाटककार देवलांनी त्यांच्याकडून हेच उचललं. त्यांच्या 'शारदा' नाटकात शब्द आणि चाल एकाच डोक्यातून आल्यात हे ऐकतानाच कळतं. १९११ च्या 'मानापमान'पासून वाटणी झाली: नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्या चाली अप्रतिमच आहेत, पण तिथून पुढे गाणं नाटकापासून सुटं होऊन मैफिलीत जाऊन बसलं.

फोंड्याची_माई
आमच्याकडे गोव्यात देवळांच्या उत्सवात हौशी मंडळी रात्र रात्र 'सौभद्र' करत आली. घड्याळाकडे कुणी बघत नाही. तिथे नारद बरा गायला तरी चालतो, पण बोलला नाही तर लोक चुळबुळ करतात. म्हणून मी पिटातल्या प्रेक्षकाच्या बाजूने.

षड्ज_पंचम
माई, उत्सवात चालतं, शहरात हॉल ठरलेल्या तासांसाठीच मिळतो. मूळ नाटकात शंभराहून जास्त पदं आहेत. सगळी म्हटली तर निम्मा प्रेक्षक शेवटच्या गाडीसाठी उठून जाईल. दिग्दर्शकाला निवड करावीच लागते.

आणि वाटणीने नुकसान झालं हे तर मुळीच मान्य नाही. भास्करबुवा बखल्यांच्या चाली नसत्या तर खाडिलकरांचं 'स्वयंवर' आज कुणी ऐकलं असतं? एकाच माणसाने दोन्ही करावं हा हट्ट धरला तर दर पिढीत एखादाच अण्णासाहेब निघेल, आणि बाकीची वर्षं रंगमंच रिकामा राहील.

पिटातला प्रेक्षक
निवड करा, पण निकष काय? आज निकष एकच दिसतो: कोणत्या पदाला टाळी येते. कथा पुढे नेणारी छोटी साकी-दिंडी आधी उडते, कारण तिला टाळी नाही. ती म्हणायला मिनिटभर पुरतं. एका पदाची आलापी आवरली तर अशा चार साक्या परत येतील. एखाद्या संस्थेने एक तरी प्रयोग असा करावा, मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

षड्ज_पंचम
प्रयोग व्हावा, मीही येईन. पण 'प्रिये पहा' हे पद एका मिनिटात उरकलं तर तिथेच उभा राहून 'वन्स मोअर' ओरडणार, हे आधीच सांगतो.