काचेत जांभळा प्रकाश अधिक का वळतो?

प्रश्न (फोंडा): निर्वातात सर्व रंगांचा वेग सारखाच असतो; मग काचेच्या लोलकात शिरताना जांभळा किरण तांबड्यापेक्षा अधिक का वळतो?

उत्तर (मडगाव): काचेतील इलेक्ट्रॉनांची नैसर्गिक वारंवारता (ज्या वारंवारतेने ते आपसूक आंदोलतात ती) अतिनील पट्ट्यात असते आणि जांभळ्या प्रकाशाची वारंवारता तिच्या अधिक जवळ असल्याने ते त्याला अधिक जोरदार प्रतिसाद देतात, त्यामुळे त्याचा वेग जास्त घटतो व तो स्तंभिकेकडे (पृष्ठभागाला काढलेल्या लंब रेषेकडे) अधिक झुकतो. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक (निर्वातातील वेग काचेतील वेगाच्या किती पट आहे तो आकडा) तांबड्यासाठी सुमारे १.५१, तर जांभळ्यासाठी १.५३ असतो, फरक किरकोळ वाटतो, पण पुरेसा आहे.

उत्तर (म्हापसा): मात्र किरण पृष्ठभागावर लंबरूप पडल्यास कोणताच रंग वळत नाही.

उत्तर (पणजी): मांडवीवरील इंद्रधनुष्यातही पाण्याच्या थेंबांत रंग असेच कमी-अधिक वळतात, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून मोजल्यास तांबडा सुमारे ४२ अंशांवर, जांभळा ४० अंशांवर दिसतो.