मदत हवी आहे: सीजीनॅटमागून टॉर रिले चालवता येतो का?

राजेहो, दारव्ह्याकडं खेड्यात राहतो, घरी फायबर आलंय म्हणून जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकून टॉरचा (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं स्वयंसेवकांचं नेटवर्क) मिडल रिले, म्हणजे मधल्या मधे ट्रॅफिक पुढं ढकलणारा सर्व्हर, चालवायचाय (ट्रॅफिक बाहेरच्या साइटवर सोडणारा एक्झिट नाही बाप्पा, दुसऱ्याच्या भानगडीपायी पोलीस दारात नको). अडचण अशी की राउटरमध्ये वॅन आयपी १००.७२ नं सुरू होते, म्हणजे सीजीनॅट (कंपनी एकच पब्लिक आयपीव्ही४ पत्ता कित्येक घरांत वाटते), मग ९००१ पोर्ट फॉरवर्ड करून काय फायदा, बाहेरून कोणी पोचतच नाही आन् लॉगमध्ये ओआरपोर्टचं (रिलेला बाहेरून जोडायचा पोर्ट, तोच ९००१) रडगाणं चालूच. आयपीव्ही६ मात्र झकास, फायरवॉल उघडल्यावर मोबाइल डेटावरून पोर्ट लगेच लागला. पण टॉरला रिलेसाठी पब्लिक आयपीव्ही४ लागतोच, नुसत्या आयपीव्ही६वर जमत नाही, कारण बऱ्याच रिलेंकडं अजून आयपीव्ही६ नाहीच. स्टॅटिक (न बदलणारा, स्वतःचा पब्लिक) आयपी मागितला तर कस्टमर केअरवाला म्हणते बिझनेस प्लॅन घ्या.

घरच्याच प्लॅनवर कोणाला स्टॅटिक आयपी मिळाला का, महिन्याचे किती पडतात? व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन वायरगार्ड व्हीपीएननं आयपीव्ही४ घरी आणू, का मग रिले सरळ व्हीपीएसवरच टाकलेला बरा? तोवर स्नोफ्लेक प्रॉक्सी (जिथं टॉर बंद केलंय तिथल्या लोकांना टॉरपर्यंत पोचवते) लावून ठेवावी म्हणतो, ती नॅटमागून चालते. आणखी एक, इथं दुपारी लाइन जाते, इन्व्हर्टरवर फक्त राउटर अन् पंखा. असा पडत-उठत चालणारा रिले कामाचा असते का?