विजया तेलाचे थेंब, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझम: काय सांगायचं?

औषधवाला_राजारामपुरी
वय 6, वजन 18 किलो, लेनॉक्स-गॅस्टॉट (लहानपणीची अवघड अपस्मार, म्हणजे फिटचा आजार). व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझम ही फिटची औषधं चालू, तरी पडण्याच्या फिट थांबत नाहीत. घरचे विजया (भांगेच्या) तेलाची बाटली घेऊन आलेत: 30 मिलि, लेबलवर 1500 मिग्रॅ. थेंब किती द्यायचे विचारतात.

क्लिनिकल_फार्मसी
थेंब सांगूच नका. 1500 मिग्रॅ नुसत्या सीबीडीचे (भांगेतला नशा न आणणारा, फिटवर वापरतात तो घटक) की अख्ख्या अर्काचे, ते आधी बघा. अर्काचे असतील तर टीएचसी (नशा आणणारा घटक) किती, हे त्या बॅचच्या लॅब रिपोर्टशिवाय कळत नाही. अमेरिकेत 2017 साली ऑनलाइन विकली जाणारी 84 सीबीडी उत्पादनं तपासली, लेबल खरं निघालं 26 चं.

सगळं सीबीडीच धरलं तरी हिशेब करा. सुरुवात रोज 5 मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे 45 मिग्रॅ दिवसातून दोनदा. एका वेळी या तेलाचे 0.9 मिलि, औषध म्हणून मिळणाऱ्या प्रमाणित 100 मिग्रॅ/मिलि सीबीडी द्रावणाचे 0.45. आठवड्यानं 10 मिग्रॅ प्रति किलो केलं की बाटली आठ दिवसांत संपते. चार-पाच थेंब म्हणजे सुरुवातीच्या डोसच्या आसपासही नाही. मग 'उपयोग नाही' म्हणून सोडतात.

बालमेंदू_ओपीडी
खरा धोका जुन्या दोन औषधांशी होणाऱ्या मेळाचा आहे. सीबीडी सीवायपी2सी19 हे औषधं मोडणारं यकृतातलं एन्झाइम अडवतं, त्यामुळं क्लोबाझमचा सक्रिय घटक रक्तात सुमारे तिपटीनं चढतो. पोर गुंगीत राहतं, लाळ गळते, आणि घरचे म्हणतात 'शांत झालंय, औषध लागू पडलं'. क्लोबाझम कमी करायचं ते डॉक्टरांनीच.

व्हॅल्प्रोएटसोबत यकृत बिघडायचा धोका वाढतो. सुरू करण्यापूर्वी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन या यकृताच्या रक्ततपासण्या. पुन्हा 1, 3 आणि 6 महिन्यांनी, डोस बदलल्यावर महिन्याभरात. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेलं, की सीबीडी बंद. एकटं एसजीपीटी पाचपटीवर टिकून राहिलं तरी बंदच.

औषधवाला_राजारामपुरी
रोज 10 मिग्रॅ प्रति किलोवर फरक नाही पडला तर 20 पर्यंत नेतात ना?

बालमेंदू_ओपीडी
नेतात, पण घाईनं नाही. 2018 च्या चाचणीत पडण्याच्या फिट 20 मिग्रॅ प्रति किलोवर 41.9 टक्के घटल्या, 10 वर 37.2, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या द्रावणावर) 17.2. थोड्या फायद्यासाठी जुलाब, भूक मरणं आणि एसजीपीटी चढणं जास्त.

क्लिनिकल_फार्मसी
आणि जेवणाचं सांगा, ते हमखास राहतं. तुपकट जेवणावर दिलं तर औषध उपाशीपोटीपेक्षा कित्येक पट शोषलं जातं. एक दिवस रिकाम्या पोटी, दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रश्श्यावर, असं चालणार नाही. रोज एकाच पद्धतीनं द्या. सिरिंज धुऊन पूर्ण कोरडी करा, पाणी राहिलं तर तेल गढूळ दिसतं. प्रमाणित द्रावण तिळाच्या तेलात असतं, तेव्हा तिळाची ॲलर्जी विचारा. बाटलीच्या भरवशावर व्हॅल्प्रोएट बंद करू देऊ नका. फिटचं कुठलंही औषध एकदम थांबवलं की फिट उसळतात, सीबीडीसुद्धा.