श्वांकमायर आणि बंदीची वर्षं

चेक अ‍ॅनिमेशनपटकार यान श्वांकमायर यांना १९७२ नंतर काही वर्षं लघुपट करू दिले नाहीत आणि त्यात त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली, असं एका प्रतिसादात म्हटलं आहे. बंदीचं म्हणणं बरोबर आहे. पण ती वर्षं वाया गेली, हे अजिबात पटत नाही. त्याच काळात ते स्पर्शाचे प्रयोग करत होते. न बघता, नुसतं हातांनी चाचपून अनुभवायच्या वस्तू आणि कोलाज बनवत होते. १९८२ चा त्यांचा लघुपट 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग' त्या दृष्टीने पुन्हा बघाच. मातीचे दोन प्रेमिक आधी एकमेकांत विरघळतात आणि मग एकमेकांना ओरबाडून काढतात. ती माती डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त जाणवते! याच लघुपटाला १९८३ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात लघुपटांसाठीचं 'सुवर्ण अस्वल' (गोल्डन बेअर) पारितोषिक मिळालं. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट तर १९८८ ला आला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते.