नव्या कर-ऑडिटरला रुईचा उतारा कोण शिकवणार?

तापीकाठची
राज्यकर निरीक्षक म्हणून खान्देशात रुजू होऊन मला दोन वर्षं झाली. पदवी इतिहासाची. आयोगाच्या परीक्षेसाठी राज्यघटना, भूगोल, अर्थशास्त्र सगळं केलं, पण खतावणी कधी उघडून पाहिली नव्हती. नंतरच्या प्रशिक्षणात कायदा कलमवार शिकवला. जीएसटी कायद्याचं कलम ६५ म्हणजे ऑडिट, किमान १५ कामकाजाचे दिवस आधी नोटीस, सुरू झाल्यापासून ३ महिन्यांत पूर्ण. हे तोंडपाठ होतं. मग समोर एका जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याची, फाइल आली.

३बी म्हणजे व्यापाऱ्याने स्वतः भरलेलं विवरणपत्र, २बी म्हणजे त्याला माल विकणाऱ्यांच्या विवरणपत्रांवरून आपोआप तयार होणारा तक्ता. ३बी मध्ये घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, २बी पेक्षा कितीतरी जास्त. मी साहेबांसाठी टिपण लिहिलं: जादा क्रेडिट, वसूलपात्र. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या निरीक्षकांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "कापूस कुणाकडून घेतलाय?" शेतकऱ्यांकडून. शेतकऱ्याची नोंदणी नसते. अशा कापसावरचा ५ टक्के कर नोव्हेंबर २०१७ पासून जिनिंगवाल्यानेच रिव्हर्स चार्जने भरायचा आणि त्याचं क्रेडिटही त्यानेच घ्यायचं. शेतकरी विवरणपत्र भरत नाही, मग ते २बी मध्ये येणार कुठून? टिपण मी त्याच दिवशी मागे घेतलं.

ते गृहस्थ शेजारी बसत नसते तर? माझं म्हणणं असं आहे: प्रत्येक नव्या माणसाला पहिलं वर्षभर एक अनुभवी जोडीदार लेखी आदेशाने द्यावा. तो गोपनीय अहवाल लिहिणारा नसावा, म्हणजे अडाणी प्रश्नही निर्धास्त विचारता येतील. आणि फाइल हातात देण्याआधी एक दिवस जिनिंगमध्ये, एक दिवस डाळ मिलमध्ये उभं करावं.

निवृत्त_विक्रीकर
ताई, माझा विरोध आहे, राग मानू नका. १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तेव्हा आम्हीही नवखेच होतो, पण फाइली वाचून शिकलो. जुना माणूस विद्या देतो तशी खोडही देतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांची शिकवण होती, व्यापारी लपवतोच, आकडा काढल्याशिवाय उठायचं नाही. ती सवय मोडायला मला दहा वर्षं लागली. तुम्ही लेखी आदेशाने जोडीदार नेमलात तर अशी खोड शिक्क्यानिशी पुढे जाईल.

बाकी नियम तर छापलेले आहेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या डाळीच्या पाकिटावर ५ टक्के, सुट्या डाळीवर नाही. यात गुरू काय करणार? त्यापेक्षा अपिलात रद्द झालेले आपल्याच विभागाचे आदेश नव्यांना वाचायला द्या. आपण कुठे चुकलो हे त्यात साहेबाच्या लहरीशिवाय लिहिलेलं असतं.

गासडी१७०
मी बोदवडकडे एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो, अठरा वर्षं झाली. काका, आदेश वाचून उतारा, म्हणजे कापसातून किती रुई निघते ते, कळत नाही. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ च्या आसपास सरकी, बाकी घट, म्हणजे कचऱ्यात आणि ओलाव्यात जाणारं वजन. रुईची गासडी १७० किलोची. म्हणजे हजार क्विंटल कापूस घेतला तर २०० गासड्या निघाल्या पाहिजेत. वहीत १६५ दिसल्या तर विचारा, हक्काने विचारा. ओला कापूस, कवडी (किडका, डागी) माल यांनी उतारा पडतो, पण इतका नाही. मग काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) बघा, वीजबिल बघा. डाळ मिलमध्ये छापील पिशव्यांचं खरेदी बिल बघा. १ किलोच्या पिशव्या किती आल्या ते कळलं की पाकिटातून किती माल गेला त्याचा अंदाज येतो. हे कुठल्या परिपत्रकात आहे?

आम्हाला कच्चा ऑडिटर नको तो याचसाठी. त्याला चोर सापडत नाही आणि नीट धंदा करणाऱ्यावर तो २बी चा फरक काढतो. चुकीच्या मागणीविरुद्ध अपिलात जायचं तरी वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. ऐन हंगामात तो पैसा शेतकऱ्याच्या चुकाऱ्याचा असतो. ताईंचं खरं शे.

धुळेकर_सीए
तुम्ही तिघंही अज्ञानावर बोलताय, माझ्या मते दुखणं भीतीचं आहे. रिव्हर्स चार्जचं क्रेडिट २बी मध्ये दिसत नाही हे माहीत असलेले अधिकारीही मागणी काढताना मी पाहिलेत. कारण मुद्दा सोडला तर उद्या महालेखापालांच्या तपासणीत "का सोडला" म्हणून विचारणा होते. मागणी काढली आणि ती अपिलात पडली, तर कुणी विचारत नाही. जोडीदार ही भीती कशी घालवणार? तोही म्हणेल, "काढून ठेव, पुढे बघतील."

जिनिंगमध्ये दिवसभर उभं करणंही मला पटत नाही. आज ज्याच्या ओट्यावर चहा घेतला, पुढच्या वर्षी त्याचीच फाइल आली तर?

तापीकाठची
सीए साहेब, भीतीचं तुम्ही बोललात ते मला झोंबलं, कारण खरं आहे. पण माझं ते टिपण मागे घेताना मला धीर आला तो शेजाऱ्यांनी कारण लिहून दिलं म्हणून: कुठला तक्ता बघितला, कापसाच्या पावत्यांशी रोखीने भरलेला कर कसा जुळला. मुद्दा का सोडला हे नीट लिहायला शिकवणं, हेच जोडीदाराचं पहिलं काम मानूया. त्या नोंदीवर दोघांच्या सह्या असाव्यात. पुढे विचारणा झाली तर नवा माणूस एकटा पडणार नाही.

भेटीबद्दल तुमची हरकत मान्य. ज्याचं ऑडिट व्हायचंय किंवा चालू आहे तिथे जाऊच नये.

सर, रद्द आदेशांची कल्पना मी उचलते. पण ते वाचताना शेजारी कुणी हवंच. मी दोन वाचलेत. एकात "घट अमान्य" असं होतं आणि घट म्हणजे काय हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.

निवृत्त_विक्रीकर
दोन सह्यांचं पटलं. खोड लागलीच तर निदान कागदावर दिसेल, कुणाची ते कळेल. लेखी आदेशाला मात्र माझा विरोध कायम. शिकवायची हौस नसलेला माणूस आदेशाने शिकवणार नाही, नुसती सही करेल.

गासडी१७०
काका, हौस असलेले शोधायचे कसे मग? ते दुसऱ्या वर्षी बदलून जातात. ताई, दिवाळीनंतर आमचं जिनिंग सुरू होईल. आमचं ऑडिट याच वर्षी उरकलंय, तरी साहेबांची लेखी परवानगी घेऊनच या. चहा घरून आणा.