उत्तर कोरियाशी अण्वस्त्र वाटाघाटी: खोट नक्की कोणाच्या हेतूत होती?

दुर्बीण (मूळ मांडणी)

१९९४चा अमेरिकेशी झालेला जिनिव्हा करार, २००५चे सहा देशांचे संयुक्त निवेदन, फेब्रुवारी २०१२चा अन्नमदतीच्या बदल्यातला समझोता आणि २०१८ची ट्रम्प आणि किम जोंग-उन यांची सिंगापूर शिखर बैठक, या चारही वेळी प्योंगयांगने अण्वस्त्र कार्यक्रमाला आवर घालण्याची तयारी दाखवली आणि चारही वेळी काही काळाने तो देश आधीपेक्षा अधिक सज्ज झालेला दिसला. याला योगायोग म्हणणे मला भाबडेपणाचे वाटते. माझ्या मते किम घराण्याने वाटाघाटींकडे निःशस्त्रीकरणाचा मार्ग म्हणून कधी पाहिलेच नाही. इंधन, धान्य आणि सर्वांत मोलाचा असा वेळ पदरात पाडून घेण्याचे ते साधन होते. योंगब्योन या मुख्य अणुकेंद्रातली, प्लुटोनियम देणारी अणुभट्टी बंद ठेवण्याच्या मोबदल्यात वर्षाला ५ लाख टन इंधन तेलाचा शब्द घेतलेला असतानाच, पाकिस्तानी अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्यातून युरेनियम समृद्धीकरणाची (बॉम्बचे द्रव्य मिळवण्याच्या दुसऱ्या मार्गाची) सेंट्रिफ्यूज यंत्रे मिळवली जात होती. ज्या राजवटीला संसदेला, न्यायालयाला किंवा वृत्तपत्राला उत्तर द्यावे लागत नाही, तिने कागदावर केलेली सही तिच्या सोयीपुरतीच टिकते.

रानवाट

सहमत नाही. तुम्ही घटना बरोबर सांगितल्या आहेत, पण अर्ध्याच.

जिनिव्हा करारामुळे योंगब्योनची प्लुटोनियम निर्मिती सुमारे आठ वर्षे थांबली होती आणि तिथल्या सुमारे ८,००० वापरलेल्या इंधन कांड्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांच्या डोळ्यांसमोर सीलबंद पडून होत्या. या आठ वर्षांत दुसऱ्या बाजूने काय केले, तेही पाहायला हवे. करारावर सही झाली ऑक्टोबर १९९४ मध्ये. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडे गेली आणि तेलासाठीच्या पैशावरून दरवर्षी ओढाताण सुरू झाली. करारानुसार उत्तर कोरियाला बांधून द्यायच्या, वीजनिर्मितीसाठीच्या हलक्या पाण्याच्या दोन अणुभट्ट्या २००३ पर्यंत उभ्या राहायच्या होत्या, परंतु पहिल्या भट्टीच्या पायाचे काँक्रीट पडायलाच ऑगस्ट २००२ उजाडला. किम इल-सुंग नुकतेच वारले होते, पुढे दुष्काळ पडला आणि ही राजवट आपोआपच कोसळेल, तेव्हा भट्ट्या बांधून देण्याची वेळच येणार नाही, असा हिशेब वॉशिंग्टनमध्ये अनेकांनी मनाशी केला होता. वेळकाढूपणा हाच निकष असेल, तर तो दोन्ही बाजूंना लावावा लागेल.

शिवाय संसदेला बांधील नसलेल्यांची सही टिकत नाही, असे म्हणताना संसदेला बांधील असलेल्यांची सही पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते, हेही मान्य करा. (सप्टेंबर २००५ मध्ये एकीकडे संयुक्त निवेदन निघाले आणि त्याच महिन्यात अमेरिकी अर्थखात्याने मकावच्या एका बँकेवर उत्तर कोरियाच्या पैशांच्या गैरव्यवहाराचा ठपका ठेवला, ज्यामुळे उत्तर कोरियाचे सुमारे २.५ कोटी डॉलर अडकले. एकाच सरकारच्या दोन खात्यांचा हेतू एक नव्हता, मग एका देशाचा 'हेतू' म्हणजे कोणाचा?)

काठावरचा

दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक आहे, की हेतू एकदा ठरला की तो तसाच राहतो. लीबियाने डिसेंबर २००३ मध्ये आपला अण्वस्त्र कार्यक्रम सोडल्याचे जाहीर केले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारले गेले. लीबियावर हवाई हल्ले सुरू होताच प्योंगयांगच्या परराष्ट्र मंत्रालयाने, ते निःशस्त्रीकरण म्हणजे सापळाच होता, असे जाहीरपणे म्हटले होते. असे असूनही २०१८ मध्ये ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांनी 'लीबियाच्या धर्तीवर' असा शब्दप्रयोग केला. १९९४ मध्ये जे विकाऊ असू शकत होते, ते २०११ नंतर विकाऊ राहिले नसावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुर्बीण

आठ वर्षांचा मुद्दा मला मान्य आहे. मूळ मांडणीत तो मी गाळायला नको होता. पण तो स्थगितीकाळ विश्वासामुळे टिकला नाही, निरीक्षक आणि सील तिथे होते म्हणून टिकला. जिथे निरीक्षक नव्हते, तिथे काय चालले होते ते नोव्हेंबर २०१० मध्ये उघड झाले, कारण त्या वेळी योंगब्योनला गेलेल्या अमेरिकी अणुशास्त्रज्ञ सिगफ्रीड हेकर यांना यजमानांनीच समृद्धीकरणाचा नवाकोरा कारखाना दाखवला.

लीबियाचे उदाहरण तर माझ्याच बाजूने पडते. अण्वस्त्रे ही सत्ता टिकवण्याची हमी असेल, तर त्यांची किंमत तेलाच्या टनांत किंवा डॉलरांत मोजताच येत नाही. हनोईत २०१९ मध्ये ट्रम्प यांच्याशी झालेल्या बैठकीत किम जोंग-उन यांनी योंगब्योनच्या बदल्यात २०१६-१७ मधले सुरक्षा परिषदेचे पाच मुख्य निर्बंध उठवण्याची मागणी केली, परंतु योंगब्योनबाहेरची केंद्रे आणि तयार अण्वस्त्रे त्या देवाणघेवाणीत नव्हतीच. सप्टेंबर २०२२ मध्ये तर अण्वस्त्र धोरणाचा कायदा करून त्यांनी या प्रश्नावरची बोलणीच संपल्याचे सांगून टाकले.

रानवाट

निरीक्षक आणि सील यांच्यामुळे काम झाले, हे तुम्हीच म्हणता. मग समोरच्याचा हेतू शुद्ध असण्याची अट कशासाठी? हेतू वाईट आहे असे धरूनच तर सील लावले जाते.

दुर्बीण

म्हणजे २००२ मध्ये गुप्त समृद्धीकरणाचा सुगावा लागल्यावरही तेल पाठवत राहायला हवे होते, असे तुमचे म्हणणे आहे का? फसवणाऱ्याला मोबदला देत राहणे, ही मुत्सद्देगिरी कोणत्याही संसदेला पटवता आली नसती.

रानवाट

पटवणे अवघड होते, हे मान्य आहे; तरीही माझे उत्तर 'हो' असेच आहे. समृद्धीकरण त्या वेळी प्राथमिक अवस्थेत होते, आणि प्लुटोनियम मात्र बंद डब्यांत, निरीक्षकांच्या नजरेखाली होते. नोव्हेंबर २००२ मध्ये तेल थांबवले गेले, डिसेंबरमध्ये निरीक्षकांना देशाबाहेर काढले गेले, जानेवारी २००३ मध्ये प्योंगयांगने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून माघार जाहीर केली आणि त्याच वर्षी त्या ८,००० कांड्यांमधून प्लुटोनियम वेगळे काढले गेले. पहिली अणुचाचणी झाली ती ९ ऑक्टोबर २००६ रोजी, आणि तिच्यात वापरलेले द्रव्य प्लुटोनियमच होते.